इतर

महापालिकेनं मला एक टॅब दिलाय,
पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर, ४१७.
हरवला तर पगारातून कापणार.
पगार ठेकेदाराकडे, ठेकेदार हडपसरला,
आणि मी मंगळवार पेठेत, जुन्या बाजारात,
बुधवारी साडेदहाला.
ऊन काचेवर असं सांडतं की अक्षर दिसत नाही,
म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे ओढून
आत अंधार करते
आणि त्या अंधारात शहराची माहिती भरते.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगते.
प्रत्येक धंद्याला एक ठिपका,
ठिपक्याला क्रमांक, क्रमांकावर कर्ज.
प्रशिक्षणात हे दोनदा सांगितलं,
मध्ये एक सामोसा दिला.

मंछाबाई सोळंकी.
वय?
"लिही पन्नास."
व्यवसायाचा प्रकार निवडा.
बोटानं यादी सरकवत राहिले
भाजी फळं चहा वडापाव चप्पल मोबाईलची कव्हरं
जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बाईला
यादीत शब्दच नाही.
अगदी तळाशी, काचेच्या कडेला टेकलेलं: इतर.
दाबलं.

दैनिक उलाढाल, रुपयांत.
ती हसली. बोटं मोडत सांगायला लागली,
"कोथरूडला एक जरीची साडी, दोन पँटा,
त्याचा झाकणाचा डबा गेला.
औंधला आत सोडत नाहीत,
वॉचमन फोटो काढतो, वर विचारतो, वरून नाही येतं.
सहकारनगरची बाई घासाघीस फार करते,
पण पाणी देते.
आता याचे रुपये तू कर. शिकलेली आहेस."

टॅब फक्त आकडे घेतो.
शून्य टाकलं तर चौकट लाल होते.
मी साडेतीनशे टाकले, हिरवी झाली.
"किती लिहिलंस?"
सांगितलं.
"बरे आहेत की. मला कधी मिळाले?"

मग ठिकाण. इथं सगळे अडतात.
डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ही बाई
रोज दहाबारा किलोमीटर चालते
आणि ठिपका काही चालत नाही.
शेवटी तिनंच मला ओढत नेलं,
कपड्यांच्या ढिगामागे,
जिथं ती शर्टांची बटणं मोजते, खिसे उलटे करून बघते.
"बुधवार-रविवार इथंच असते. इथं लाव मला."
उपग्रह सापडेपर्यंत
तिच्या जागेवर मी उभी राहिले.
अचूकता अकरा मीटर.
अकरा मीटरांत इरफानचाचांचे नटबोल्ट येत होते,
घड्याळांचे सुटे पट्टे,
एक झोपलेलं कुत्रं, आणि मी.

महिन्यानं मनपा भवनात बैठक.
पडद्यावर भाकरीएवढा गोल, रंगीत तुकडे केलेला,
त्यात सगळ्यात मोठा राखाडी.
साहेब चांगले आहेत, ओरडत नाहीत.
म्हणाले, हे इतर इतके कोण आहेत?
डेटा साफ करा.

मला माहीत होते, कोण.
कल्हईवाला, किल्ल्या करणारा,
कुकरच्या शिट्ट्या विकणारी,
छत्र्यांच्या काड्या वेगळ्या करून तारेत ओवणारे नवरा-बायको.
ठेकेदाराच्या पगारपत्रकात माझ्याही नावापुढे तेच आहे.
बोलले नाही. एसीचा वारा नेमका मानेवर येत होता.

कर्ज मंजूर झालं, दहा हजार.
मेसेज तिच्या जावयाच्या फोनवर गेला,
तिला चार दिवसांनी कळलं.
रविवारी पाटीत नवी, जाड बुडाची पातेली होती.
एक वाजवून दाखवलं. आवाज जड होता.
"हप्ता मात्र पैशातच मागतात," ती म्हणाली,
"साडी चालत नाही."

मी टॅब उघडून पुन्हा तिची नोंद काढली.
आता नवी चौकट आलीय, 'इतर असल्यास तपशील',
वीस अक्षरं.
काय लिहू विचारलं, तर तिचं लक्ष नव्हतं,
माझ्या ओढणीचं टोक
ती चिमटीत धरून उजेडाकडे बघत होती.
"विटलीय. टाकणार कधी? एक वाटी देईन."
म्हटलं, नाही हो, उन्हात हिच्याशिवाय दिसत नाही काही.
तिनं पाटीत हात घातला.
"बरं, दोन."